मांडवखाडीचे बंदर कसे गेले

दिवस उगवून चार घटका झाल्या होत्या तेव्हा मांडवखाडीच्या कोटावरचे वेसरगडाचे निशाण उतरले आणि फिरंग्यांचे चढले. मध्ये तोफ वाजली नाही. कुणी ओरडलेही नाही. मी कोटासमोरच्या टेकाडावर उभा होतो. शेजारी कोटाचा हवालदार सुभानजी पांगे होता आणि त्याच्या मागे त्याची दीडशे माणसे, डोक्यावर बोचकी, कमरेला तलवारी, सगळ्या म्यानात.

"लिहा, पंत," सुभानजी म्हणाला. "डोळे भरून बघा नि लिहा. बावीस वर्षं काढली ह्या कोटात. माझ्या बापानं ह्याचा पाया खणला. नि आज किल्ल्या ताटात घालून दिल्या. ताटात! हळदकुंकू लावायचं तेवढं राहिलं."

"ताट कशाचं होतं?"

त्याने माझ्याकडे वळून पाहिले. "काय?"

"तांब्याचं की पितळेचं?"

"पितळेचं! पितळेचं होतं, तुमचं भलं होवो. लिहा."

मी लिहिले.

"आणखी लिहा. चार दिवसांपूर्वी राणीबाईचा हुकूम आला, कोटातल्या विहिरीत मीठ ओता. तीस पोती ओतली. फिरंग्याला पाणी मिळू नये म्हणे. अहो, पाणी द्यायचं नाही तर कोट कशाला देता?"

"मीठ ओतताना मी नव्हतो."

"मी होतो ना! ह्या हातांनी ओतलंय."

"मी पाहिलं नाही. लिहिता येणार नाही."

सुभानजी थुंकला. माझ्या अंगावर नाही, पण फार लांबही नाही.

मी तेव्हा वेसरगडच्या दरबारात घाटावरच्या सरकारचा अखबारनवीस होतो. रोज काय घडले ते लिहून तिसऱ्या प्रहराला जासुदाच्या हाती द्यायचे, एवढेच काम. जासूद कुणासाठी थांबत नसे. पत्र तयार नसेल तर तो तसाच निघे आणि त्याचा जाब मला द्यावा लागे. डोळ्यांनी पाहिले तेच लिहायचे, ऐकीव एक अक्षर नाही, असा माझा नियम होता. त्यामुळे सरकारात माझ्या पत्राला किंमत होती आणि वेसरगडात मला कुणी पाणी विचारत नसे.

वेसरगडचे राजे अर्धांगवायूने तीन वर्षे अंथरुणाला खिळलेले. कारभार राणी भिवराबाईसाहेब पाहत. महिन्यापूर्वी फिरंग्यांची पाच गलबते खाडीच्या तोंडाशी येऊन उभी राहिली: बंदर द्या, नाहीतर गाव जाळतो. वेसरगड हे घाटावरच्या सरकारचे मांडलिक, म्हणून बाईंनी सरकारकडे मदतीला फौज मागितली. एकदा, दोनदा, तीनदा. तिन्ही अर्ज माझ्याच जासुदाबरोबर गेले. तिन्ही वेळा उत्तर आले की विचार होऊन आज्ञा होईल.

आज्ञा आली ती मला. बाई कारभारास लायक आहेत की नाहीत, ते स्पष्ट लिहा. नसतील तर राज्य जप्त करून राजांचे धाकटे बंधू हिरोजीराव ह्यांच्या हाती देऊ. बाईंचा कारभार राहायचा की जायचा ते माझ्या पत्रावर होते. मला ते ठाऊक होते, दरबाराला ठाऊक होते, आणि बाईंना तर माझ्याही आधी कळले असावे.

मला बाई आवडत नव्हत्या. त्याचे कारण त्यांनी घातलेली एक रीत. परदरबारच्या अखबारनवीसाने आपले पत्र मोहर करण्याआधी भर कचेरीत वाचून दाखवायचे, अशी ती रीत. दुसऱ्या कुठल्या दरबारात मी ती पाहिली नाही. शब्द बदला असे बाई कधी म्हणत नसत. चिकाच्या पडद्याआड बसून नुसत्या ऐकत. पण कचेरीत जो बसेल तो ऐके. फिरंग्यांचा दुभाषी मंगेश शेणवीसुद्धा खांबाला टेकून, सुपारी कातरत सरकारचा अखबार रोज ऐके. ह्यावर मी दोनदा हरकत घेतली होती. बाईंचा जबाब दोन्ही वेळा एकच होता: "खरं लिहिता ना? मग लाज कसली?"

त्या दिवशी मी दुपार व्हायच्या आत गडावर पोचलो. कचेरी भरली होती. कारभारी तिमाजीपंत मान खाली घालून बसले होते. हिरोजीराव मात्र खुशीत दिसले.

"वहिनीसाहेब," ते पडद्याकडे तोंड करून म्हणाले, "बंदर गेलं म्हणतात. जेवणं झाली का?"

"तुमच्यासाठी थांबलो आहोत, भावोजी," आतून आवाज आला. "तुमची शंभर घोडी खाडीवर जाणार होती ना? ती परतली की पानं वाढू."

कुणीतरी खोकल्यात हसू लपवले. घोडी हिरोजीरावांच्या पागेतून हललीच नव्हती.

"घोडी मर्दाच्या हुकमावर जातात," हिरोजीराव म्हणाले.

"आणि फिरंग्यांशी महिनाभर बोलणी कुणाच्या हुकमावर चालली?"

मला वाचण्याची खूण झाली.

मी वाचले. निशाण कोणत्या घटकेला उतरले, किल्ल्या कुणी कुणाला दिल्या, पितळेच्या ताटात दिल्या, शिबंदी किती आणि कशी बाहेर पडली. मग निकाल. बाईंना शेजारी सांभाळता आले नाहीत. फिरंग्यांशी महिनाभर बोलणी लांबवून शेवटी मागितले ते सगळेच दिले. घरात दिरांशी बेबनाव, कारभाऱ्यांना विश्वासात घेणे नाही. बाई भ्याल्या आणि बंदर गेले.

"थांबा," पडद्यातून आवाज आला. आजवर त्यांनी मला मध्ये कधी थांबवले नव्हते. "आम्ही भ्यालो, हे तुम्ही कुठं पाहिलंत, निळोपंत?"

"कोट लढल्याशिवाय दिलात, बाईसाहेब."

"ते लिहिलंय. ते पाहिलंत. भीती पाहिलीत? आमचं तोंड तरी पाहिलंय का तुम्ही?"

हिरोजीराव मोठ्याने हसले. माझे कान तापले. मी ते दोन शब्द खोडले. माझ्या नियमात मला पकडणारे आजवर कुणी भेटले नव्हते.

"बाकीचं राहू द्या," त्या म्हणाल्या. "बाकी खरं आहे."

तिमाजीपंत अर्धे उठले. "बाईसाहेब, हे पत्र असंच वर गेलं तर उद्या ह्या गादीवर..."

"बसा, कारभारी."

मग एक दासी तबक घेऊन पडद्याबाहेर आली आणि ते तिने माझ्यापुढे ठेवले. तबकात सरकारच्या पत्राची मोहरबंद थैली होती.

"नऊ दिवसांपूर्वी आली," बाई म्हणाल्या. "सरकारची थैली कशी घ्यायची ते तुम्हाला ठाऊक आहे."

कुणाला ठाऊक नव्हते? उभे राहून घ्यायची, कपाळाला लावायची, त्याच बैठकीत कचेरीसमोर फोडून वाचवायची. आजारी राजेसुद्धा थैली आली की उशाला टेकून बसते केले जात. थैली न फोडणे म्हणजे सरकारकडे पाठ करणे.

"मेण पाहा," बाई म्हणाल्या.

मी पाहिले. मोहर जशीच्या तशी होती. कडेलाही बोट लागलेले नव्हते.

"पाहिलंत?"

"पाहिलं."

"मग?"

कचेरीत मंगेश शेणव्याच्या अडकित्त्याचा आवाज येत होता, तो थांबला. मी लेखणी बुडवली आणि लिहिले: सरकारची थैली नऊ दिवस न फोडता पडून आहे, मोहर शाबूत आहे, मी डोळ्यांनी पाहिली. खाली शेवटची ओळ लिहिली: बाई कारभारास लायक नाहीत. रीतीप्रमाणे दोन्ही ओळी वाचून दाखवल्या. दुसरी वाचताना माझा आवाज, मला वाटते, थोडा चढला होता.

"मोहर करा," बाई म्हणाल्या. "तुमचा जासूद थांबत नाही म्हणतात."

बाहेर तिमाजीपंतांनी मला दरवाज्यात गाठले.

"निळोपंत, तुम्हाला कुणी लग्नकार्याला बोलावतं का हो?"

"बोलावतात."

"नवरी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय अक्षताही टाकत नसाल."

"कारभारी, मी लिहिलं त्यातलं खोटं काय ते सांगा."

"तेच तर," ते म्हणाले. "तेच तर दुखतंय." आणि निघून गेले.

पुढचे दिवस वाईट गेले. माझ्याकडचा पाणक्या यायचा बंद झाला. दारात कुणी मेलेला कावळा टाकला. मंगेश शेणवी तेवढा भेटला की हसून बोलायचा. तिसऱ्या दिवशी तो मला बाजारात म्हणाला, "पंत, तुमचे आभार मानले पाहिजेत. आमचे कप्तान पाच गलबतं घेऊन अडकून पडले होते, न जाणो वरून फौज आली तर म्हणून. मी म्हटलं, साहेब, जिला तिचंच सरकार उपटून काढतंय तिच्या मदतीला कोण घाट उतरतो? निळोपंतांचा अखबार आहे, खोटा कसा असेल?"

चौथ्या दिवशी पाचांतली तीन गलबते दक्षिणेला निघाली. कोटात ऐंशी फिरंगी राहिले. हे मी टेकाडावरून पाहिले. जाण्याआधी त्या गलबतांच्या लोकांनी कोळीवाड्यात शिरून माणसे धरली आणि नेली. ते चालू असताना मी तिथे नव्हतो. नंतर घरोघर गेलो आणि कोण घरी नाही ते विचारून लिहून घेतले. एकवीस. चौदा पुरुष, सात बायका. चुली पेटलेल्या होत्या. एका घरात भाकरी तव्यावर काळी झाली होती.

सुभानजी तिथेच वाळूत बसला होता. त्याने आपण होऊन काही सांगितले नाही. मी विचारले तेव्हा म्हणाला, "दीडशे माणसं होती माझ्याकडं. वर गडावर नेऊन बसवली. बाईचा हुकूम, खाली उतराल तर डोकं मारीन." मग म्हणाला, "हे तरी लिहा. का हेही तुम्ही पाहिलं नाही?"

मी एकवीस नावे लिहिली आणि त्या दिवशी कचेरीत सगळी वाचली. वाचायला वेळ लागला. पडद्यातून नेहमीचेच दोन शब्द आले: "मोहर करा."

अकराव्या दिवशी घाटातून फौज उतरली. चार हजार माणूस, सरदार जोत्याजीराव पुढे. जप्तीचा हुकूम त्यांच्या कमरेला होता. गडावरून मी त्यांचा तळ पडताना पाहिला. घाट उतरल्यावर चार हजार माणसांना आणि जनावरांना पुरेल असे पाणी एकाच ठिकाणी आहे, मांडवखाडीच्या वरच्या अंगाचा झरा. त्या मुलखात दुसरीकडे तळ देताच येत नाही. झऱ्यापासून कोट हाकेच्या अंतरावर.

जोत्याजीरावांना कोटाशी कर्तव्य नव्हते. ते गडावर येऊन बाईंना हुकूम दाखवणार, हिरोजीरावांना गादीवर बसवणार आणि परत जाणार होते. पण कोटातल्या ऐंशी जणांना ते कुणी सांगितले नव्हते. त्यांच्याकडे दोन गलबते उरली होती, पिपांतले पाणी संपत आले होते, विहिरीत तोंड घालवत नव्हते आणि झऱ्यावर चार हजार तलवारी बसल्या होत्या. तिसऱ्या दिवशी मंगेश शेणवी पांढरे फडके घेऊन तळावर आला. हत्यारांसह गलबतांवर चढू द्या, कोट सोडतो.

जोत्याजीराव आडदांड, मोकळा माणूस. मला म्हणाले, "पंत, हे काय लफडं आहे? मी बाईला उठवायला आलो नि उठून चाललाय फिरंगी! आता नको कशाला म्हणू?"

त्यांनी होकार दिला. कोट परत मिळाला. एक बार उडाला नाही. सरकारच्या दफ्तरात आजही असेच लिहिलेले आहे की बाईंनी घालवलेले बंदर सरदार जोत्याजीरावांनी फत्ते केले. त्याचा कागद माझ्याच अक्षरात आहे.

त्यानंतर दोन दिवसांनी बाईंनी गडाच्या किल्ल्या दिल्या. राजांना हिरोजीरावांच्या हवाली केले. त्या वेळी त्या राजांजवळ किती वेळ होत्या, काय बोलल्या, ते मला ठाऊक नाही. सकाळी त्यांचा मेणा महादरवाज्यात आला. घाटावरच्या एका ठाण्यात त्यांना नजरकैदेत ठेवायचे होते. भोई खांदा बदलायला थांबले तेव्हा मी पुढे झालो.

"बाईसाहेब, एक विचारायचं आहे."

मेण्याचा पडदा बाजूला झाला. मी त्यांचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा पाहिला. चाळिशीच्या आसपासची बाई, गालांवर देवीचे व्रण, दाढेखाली लवंग.

"हे आधी ठरवलेलं होतं?"

"काय?"

"कोट देणं. थैली न फोडणं. माझं पत्र."

"आम्ही ठरवताना तुम्ही पाहिलंत?"

"नाही."

"मग कशाला विचारता? तुम्ही ऐकीव लिहीत नाही."

त्यांनी लवंग ह्या दाढेवरून त्या दाढेवर नेली.

"मदतीची फौज तीनदा मागितली. आली नाही. जप्तीची अकरा दिवसांत आली. हे तर तुम्ही पाहिलंत ना, निळोपंत? कुठं लिहिलंत ते दाखवा."

मी लिहिले नव्हते. तीन अर्ज तीन वेगळ्या दिवसांच्या पत्रांत होते, फौज चौथ्यात. एका कागदावर मी ती शेजारी शेजारी कधी ठेवली नव्हती. मला राग आला, आणि त्या रागातच मी बोललो.

"कोळीवाड्यातली एकवीस माणसं गेली. ती लिहिली आहेत."

"ऐकली आम्ही. यादी वाचताना तुम्ही एक नाव दोनदा वाचलंत."

"ती जाणार हे धरून चालला होतात?"

त्या खाडीकडे पाहत नव्हत्या, माझ्याकडेच पाहत होत्या.

"चाळीस धरली होती," त्या म्हणाल्या. मग भोयांना म्हणाल्या, "चला."

त्या दिवशी मी लिहिले: बाई वेसरगडाहून सकाळी दोन घटका दिवसाला गेल्या. बरोबर आठ स्वार, एक दासी. एवढेच. जासूद निघण्याआधी बराच वेळ होता.

ह्याला सोळा वर्षे झाली. राजे त्याच वर्षी वारले. हिरोजीरावांनी कारभार केला, म्हणजे शिकार केली. एकवीसांपैकी कुणी परत आले नाही. सुभानजी पांगे कोटात परत हवालदार झाला नाही. कोळीवाड्यात जाळी दुरुस्त करत बसायचा, आणि मला पाहिले की उठून आत जायचा. गेल्या वर्षी तो गेला.

ह्या महिन्यात फिरंग्यांची सहा गलबते पुन्हा खाडीच्या तोंडाशी आली. हिरोजीराव तिसऱ्याच दिवशी गड सोडून सासुरवाडीला गेले. मी आता काम सोडलेला माणूस आहे, पण सरकारचे पत्र मलाच आले: बाईंनी त्या वेळी परराज्यांशी आणि घरात कारभार कसा केला, लायक होत्या की नव्हत्या, आठ दिवसांत स्पष्ट लिहा. त्यांना परत बोलावण्याचा विचार आहे.

पहिल्या दिवशी मी कोळीवाड्यात गेलो. बाई परत येणार म्हणतात, असे हिरू नावाच्या म्हातारीला सांगितले. तिचा नवरा त्या एकवीसांत होता.

"आणा की," ती म्हणाली. ती सुकी मासळी पाखडत होती, सूप थांबले नाही. "आधी माझा घरवाला आणा. मग राणी आणा."

"गाव जळलं असतं, हिरू. सगळं."

"कुणी सांगितलं? तुम्ही बघितलं जळताना?"

मी घरी येऊन पत्राला बसलो. एका कागदावर तीन अर्ज आणि अकरा दिवस लिहिले. दुसऱ्यावर एकवीस नावे लिहिली. दोन्ही खरे आहे. तिसरा कागद सहा दिवस कोरा आहे.

दरम्यान सरकारने माझ्या उत्तराची वाट न पाहता ठाण्यावर बाईंकडे माणूस पाठवला. बाईंनी हो म्हटले नाही, नाही म्हटले नाही. एक अट घातली, आणि ती त्या माणसाला तोंडी सांगितली. ती घेऊन तो परवा ठाण्याहून वेसरगडाकडे निघाला, असे पुढे आलेल्या जासुदाने सांगितले. आज दिवस मावळेपर्यंत तो घाटाखाली पोचलेला नाही.